पाण्याची पेटी आणि मी

मित्रांनो, माझे एक तोंड चौकोनी व सपाट आहे आणि दुसरे छिन्नीसारखे निमुळते. सपाट तोंडाने मी दगड फोडतो. निमुळत्या तोंडाने त्याच्या फटीत शिरून त्याला उचकटतो. तरी मी पाथरवटाच्या घरचा नाही आणि लोहाराच्या भात्यापाशीही कधी बसलो नाही. जमिनीच्या पोटात काय दडले आहे याचा शोध घेणाऱ्या सरकारी खात्याचा मी जुना हातोडा आहे. माझ्या मानेवर पांढऱ्या रंगात घातलेला नंबर आता पुसट झाला आहे. मी मात्र अजून पुसट झालेलो नाही.

माझा स्वभाव आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे तुमची फसगत व्हायची नाही. मला फार लवकर हेवा वाटतो.

पंजाबातल्या एका कारखान्यात मला घडवले. लालबुंद पोलादाला आकार दिला, पाण्यात बुडवले, शिसवी दांडा बसवला आणि पाचर ठोकली. तिथून लाकडी खोक्यात बसून मी नागपूरला आलो. चौऱ्याण्णव साली धम्मदीप खिल्लारे नावाच्या तरुण भूवैज्ञानिकाने मला कपाटातून उचलले. अनेक हातोड्यांतून त्यांनी मलाच उचलले, याचा मला बरेच दिवस अभिमान होता.

खिल्लारे साहेब औंढ्याकडचे. त्यांची आई चांगुणा हिने तरुणपणी रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती. साहेबांनी मला पहिल्यांदा घरी नेले तेव्हा तिने मला हातावर तोलून पाहिले.

"एवढासा? यानं खडी काय फुटन रे?" ती म्हणाली.

"आई, ह्यो खडी फोडायला न्हाई. दगडाला इचारायला हाय."

"अन् दगड बोलतो?"

"फोडला की बोलतो. बाहेरून तो उन्हापावसानं मळलेला असतो. आतलं ताजं अंग दिसलं की तो कोण हाय ते कळतं."

माझ्या साऱ्या जन्माचे काम त्या माऊलीला साहेबांनी दोन वाक्यांत सांगितले. मी फोडायचे, साहेबांनी वाचायचे. भिंगातून दाणे पाहायचे, होकायंत्राने भेगांची दिशा घ्यायची आणि नकाशावर रंग भरायचा. आमच्या तुकडीच्या वाट्याला सेनगावकडचा भाग आला होता. हिंगोलीचा वेगळा जिल्हा तेव्हा झालेला नव्हता, सगळी परभणीच होती. जीप साखऱ्याला थांबायची आणि पुढे नाल्यानाल्याने आम्ही पायी हिंडायचो.

त्या दिवसांतही मी सुखात नव्हतो. होकायंत्र साहेबांच्या छातीवर लटकायचे, भिंग त्यांच्या डोळ्याला लागायचे आणि मी कमरेच्या पट्ट्यात खाली डोके करून हेलकावे खायचो. भिंगावर धूळ बसली तर साहेब ते रुमालाने पुसत. माझ्यावर बसली तर ती पुढच्या दगडावर झटकली जाई. तरीही मी मनाची समजूत घालायचो. मी फोडल्याशिवाय भिंगाला बघायला काही नाही, हे मला ठाऊक होते. तेवढ्यावर मी तग धरला.

साखऱ्याच्या पुढे एक तांडा होता. आम्ही तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा तांड्याचे नाईक गुलाबसिंग बाजेवर बसले होते. त्यांनी मला पट्ट्यात लटकलेले पाहिले आणि साहेबांना सरळ विचारले.

"तुमी काय शोधून राहिले? सोनं हाय का खाली? का जमिनी घ्यायच्या हायेत सरकारला?"

"सोनं न्हाई, काका. अन् जमिनीबी घ्यायच्या न्हाईत."

"मंग काहून दगडं फोडता उन्हातान्हात?"

साहेब त्यांच्याशेजारी बसले. नकाशा मांडीवर पसरून ते बोलू लागले. "घरात कोणत्या उतरंडीत काय ठेवलंय हे घरच्या बाईला ठावं असतं. तसं देशाला ठावं पाहिजे. बांधकामाचा दगड कुठं हाय, चुनखडी कुठं हाय, पाणी कोणत्या थरात मुरतं, पूल बांधला तर पाया कुठं टिकेल. अन् कुठं हात लावायचा न्हाई, हेबी ठावं पाहिजे. आदी हे समजून घ्यायचं, मंग खणायचं. तेवढ्यासाठी ह्यो सर्वे."

गुलाबसिंगांनी नकाशावरचा हिरवा रंग बोटाने चाचपला. "भुईकंप?" त्यांनी हळूच विचारले. लातूरकडची हानी तेव्हा ताजी होती.

"तो कधी येईल ते मला सांगता येत न्हाई. पण जमीन कुठं चिरलेली हाय ते लिहून ठेवता येतं."

त्या दिवशी तांड्यावर साहेबांना चहा मिळाला. मला काही मिळाले नाही, पण शेजारी झाडाला टेकून मी सगळे ऐकत होतो आणि आपणही देशाच्या कामाचे आहोत असे मला वाटत होते.

नंतर आमचे तिथे येणे होतच राहिले. हिवाळा लागला की आम्ही यायचो आणि उन्हाळा संपता संपता परत जायचो. जिल्हा वेगळा झाला, जीप बदलली, माझा दांडा बदलला. शिसवीच्या जागी साखऱ्याच्या सुताराने बाभळीचा दांडा घातला. तांड्यावरची लेकरे मला ओळखू लागली. "खिल्लारे साहेब आले" असे कोणी म्हणाले की त्या हाकेत माझाही वाटा आहे असे मी धरून चालायचो.

मग दोन हजार चारचा उन्हाळा आला आणि त्याच्याबरोबर ती पेटी आली.

त्या साली पाण्याने फार तकलीफ दिली होती. तांड्याचा जुना आड आटला होता. बाया पहाटे उठून दूरच्या मळ्यावर घागरी घेऊन जात आणि ऊन चढल्यावर परतत. सरकारने तांड्यासाठी एक बोअर मंजूर केली होती. फक्त एक. ती कोरडी गेली तर पुढची कधी, हे कोणी सांगू शकत नव्हते. साहेबांनी नाल्याकाठी जागा ठरवली आणि तिथे चुन्याने फुली मारली. सखल जागा, वर मऊ मुरूम, आणि नाला शेजारीच. गुलाबसिंगांचे वावरही तिथेच होते. त्यांना ती जागा फार पसंत पडली.

पण बोअर पाडण्याआधी एकदा यंत्राने तपासून घ्या, असे वरून सांगणे आले. यंत्र घेऊन निलम आडे नावाची नवी अधिकारी आली. ती लोणारकडच्या एका तांड्याची लेक होती. जीपमधून उतरून ती बायांशी त्यांच्या बंजारा बोलीत, गोरमाटीत बोलली आणि साऱ्या तांड्याचा चेहरा उजळला. आम्ही दहा वर्षे चहा पीत होतो, तिला पहिल्याच दिवशी घरात नेऊन जेवू घातले.

यंत्र म्हणजे एक पिवळी पेटी होती. तिच्यावर काचेखाली काटा होता आणि तिला कातडी पट्टा होता. तारांची मोठी रिळे आणि चार लोखंडी खुंट्या तिच्या सोबतीला होत्या. खुंट्या एका ओळीत जमिनीत रोवायच्या, तारेतून वीज सोडायची आणि ती जमिनीत किती अडते ते काट्यावर वाचायचे. ओला, भुसभुशीत थर विजेला वाट देतो. घट्ट कोरडा पाषाण तिला अडवतो. खुंट्या एकमेकींपासून जितक्या लांब, तितके खोलवरचे कळते. लोकांनी लगेच तिचे नाव 'पाण्याची पेटी' ठेवले.

आता खुंट्या रोवायच्या कशाने, हे तुमच्या ध्यानात आले असेल.

"सर, तुमचा हातोडा देता का?" निलमने विचारले आणि साहेबांनी मला पट्ट्यातून काढून तिच्या हाती दिले.

मित्रांनो, दगडाचे मन वाचणारा मी, त्या दिवशी खुंट्या ठोकत होतो. पेटी छत्रीच्या सावलीत सतरंजीवर बसली होती. मी उन्हात एका खुंटीवरून दुसऱ्या खुंटीवर जात होतो. एवढ्याने भागले नाही. जमीन इतकी वाळली होती की वीज आत शिरेना. खुंट्यांच्या बुडाशी मिठाचे पाणी ओतावे लागेल, असे निलम जरा संकोचूनच म्हणाली. तेव्हा अनुसयाबाई नावाची बाई घरात गेली आणि पहाटे डोक्यावर आणलेल्या घागरीतले निम्मे पाणी घेऊन आली.

"घ्या. खुंटीला पाजा," ती म्हणाली. "तिला कळलं तर आमालाबी मिळन."

त्या पाण्यासाठी ती बाई किती चालली होती ते मी पाहिले होते. आणि ते पाणी त्या पेटीच्या खुंट्यांना मिळाले. माझ्या पोलादावर तव्यासारखे ऊन तापले होते, तिकडे कोणाचे लक्ष नव्हते. काटा अडकावा, तार तुटावी, पेटीचा सेल उतरावा, असे मला पुन्हा पुन्हा वाटत होते. तसे काहीच झाले नाही.

दोन दिवस मोजमाप चालले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निलमने तांड्याच्या पारावर साहेबांना सगळे समजावून सांगितले. नाल्याकाठी वरचा मुरूम गेला की खाली खूप जाड काळा पाषाण आहे. तिथे पाणी साठायला जागाच नाही. पण वर टेकडीच्या पायथ्याशी, अनुसयाबाईच्या वावरात, कठीण पाषाणाचा पातळ पापुद्रा आहे आणि त्याच्याखाली मऊ थर दिसतो.

साहेबांनी टेकडीकडे पाहिले. "ते तर खडकाळ हाय. वरच पाषाण उघडा पडलाय," ते म्हणाले.

"हो सर. पण खाली वेगळं दिसतंय."

गुलाबसिंग उठून उभे राहिले. "ही पोरगी आपली हाय, तिचा मान हाय. पण पाणी शंकरसिंगच्याच वावरात काहून? नाल्याला सोडून पाणी टेकडीला चढन का?"

शंकरसिंग म्हणजे अनुसयाबाईचा नवरा. त्याचे आणि नाइकांचे बांधावरून जुने वाकडे होते. त्याने टेकडीच्या पायथ्याशी एकट्याने विहीर खणायला घेतली होती. दोन पुरुष खोल गेल्यावर काळा पाषाण लागला, पहार बोथट झाली आणि त्याने काम सोडले. तेव्हापासून सारे जण तिला शंकरसिंगचा खड्डा म्हणत आणि हसत. आता सरकारी पेटी त्याच खड्ड्याकडे बोट दाखवत होती, हे गुलाबसिंगांच्या घशाखाली उतरत नव्हते. त्यांचे दुःख मला चांगले समजत होते. तांड्यावर त्या संध्याकाळी माझ्या जवळचे कोणी असेल तर ते गुलाबसिंगच होते.

"खिल्लारे साहेब," ते म्हणाले, "तुमी धा वर्सं ह्या मातीत फिरून राहिले. ती पेटी कालची. तुमी म्हनान तिथंच बोअर पडन. बोला."

साहेबांनी फक्त हो म्हणायचे होते. ते वयाने, हुद्द्याने मोठे होते. निलमने मान खाली घातली होती. मी पट्ट्यात लटकून वाट पाहत होतो.

"उद्या सकाळी सांगतो," साहेब म्हणाले. "आदी त्या विहिरीत उतरून बघतो."

सकाळी सारा तांडा विहिरीच्या काठावर जमला. साहेब दोराने खाली उतरले. पेटी वरच राहिली. विहिरीत तिचा काही उपयोग नव्हता. दोन दिवसांनी पुन्हा आम्ही दोघेच होतो, साहेब आणि मी, आणि समोर दगड.

साहेबांनी मला उचलले आणि तळावर पहिला घाव घातला. खणखणीत आवाज आला. भेग नाही, ओल नाही, ताजे अंग काळेकुळकुळीत. माझे मन आनंदाने भरून गेले. दुसरा घाव, तिसरा घाव, तसाच आवाज. वरून गुलाबसिंग म्हणाले, "ऐका, ऐका. लोखंडावानी वाजून राहिलं." साहेबांनी घाम पुसला आणि दोराकडे पाहिले. आता ते वर जातील, नाल्याकाठची जागा पक्की करतील आणि पेटी नागपूरला परत जाईल, असे मला वाटले.

पण साहेब वर गेले नाहीत. ते गुडघ्यांवर बसले आणि तळाचा एकेक हात तुकडा वाजवत पुढे सरकू लागले. टेकडीच्या बाजूच्या कोपऱ्यात आवाज बदलला. तो भरीव राहिला नाही. मडके आतून मोकळे असावे तसा जरासा बद्द आला. वर कोणाला तो ऐकूही गेला नसेल. पण साहेबांना ऐकू आला आणि मला माझ्या अंगात जाणवला.

मित्रांनो, त्या क्षणी मला जे वाटले ते सांगतो. मला हातातून निसटून पडावेसे वाटले. डोके दांड्यातून निघावे आणि हे काम इथेच थांबावे असे वाटले. पण पाचर घट्ट होती आणि साहेबांचा हात त्याहून घट्ट. त्यांनी मला फिरवून निमुळते तोंड पुढे केले आणि त्या कोपऱ्यातल्या केसाएवढ्या भेगेत घातले. मी आत शिरलो. शिरणे हाच माझा धर्म आहे. घावावर घाव पडत गेले, छिन्नी आली, पहार आली, ऊन डोक्यावर चढले. शेवटी पाषाणाची एक चीप कर्रकन उचकटली गेली. हातभर जाडीची होती.

तिच्याखाली मांजऱ्या दगड होता. विहिरी खणणारे लोक ज्याची वाट पाहतात तो, भोकाभोकांचा, भोकांत पांढरे दाणे भरलेला, मऊ दगड. मी त्यावर टेकलो आणि माझे तोंड ओले झाले.

साहेबांनी एक तुकडा घेतला, भिंगातून पाहिला, जिभेला लावला. मग मान वर करून ते म्हणाले, "निलम, तुझं बराबर हाय. नाल्याकाठची माझी खूण पुसून टाका."

पेटीचे म्हणणे खरे ठरले आणि ते माझ्याच तोंडाने ठरले.

काठावर शंकरसिंग वाकून पाहत होता. "किती ऱ्हायलं होतं, साहेब?" त्याने विचारले.

"हातभर."

तो तिथेच मातीच्या ढिगावर बसला. अनुसयाबाई त्याच्याजवळ गेली. "हातभर तर हातभर," ती म्हणाली. "आता उठा. लोकं बघून राहिले."

गुलाबसिंग मात्र अजून नमले नव्हते. साहेब वर येताच त्यांनी वाट अडवली. "म्हंजी धा वर्सं तुमी दिलेला सबूद खोटा?"

"सबूद न्हाई, अंदाज होता, अन् तो चुकला," साहेब म्हणाले. "काका, हा सर्वे कोणाच्या मनासारखं सांगायला नसतो. माझ्याबी न्हाई. जे जिथं हाय ते तिथं हाय, एवढंच सांगायला असतो. नाल्याकाठी बोअर पाडली असती तर तुमच्या मनाचं झालं असतं, अन् बाया पुढच्या सालीबी घागरी घेऊन चालल्या असत्या."

"पर वावर त्याचं. उद्या त्यानं बांध अडवला तर?"

उत्तर अनुसयाबाईने दिले. "बोअरपुरती जागा तांड्याला देतो आमी. वाटबी देतो. मी घागर घेऊन तुमच्याच सुनंसंगं चालले ना, नाईक? तवा बांध कुणाचा होता?"

गुलाबसिंगांनी शंकरसिंगाकडे पाहिले. शंकरसिंगाने मान हलवली. मग नाईक वाटेतून बाजूला झाले.

पुढच्या आठवड्यात बोअरची गाडी आली. ती इतकी अवाढव्य होती की तिच्यापुढे पिवळी पेटी डब्यासारखी दिसू लागली, आणि मला थोडे बरे वाटले. आधी राखाडी धूळ उडाली, मग चिखल आला, मग पाणी उसळले. बायांनी सेवालाल महाराजांचे नाव घेतले. गाडीला कुंकू लागले. पेटीला कुंकू लागले, हार पडला, तिच्यापुढे नारळ फुटला. मी खुंट्यांशेजारी चिखलात पडलो होतो. कोणीतरी माझ्यावर पाय देऊन पाणी बघायला पुढे गेले.

त्या नारळाचा हेवा मला आजही वाटतो.

साहेबांनी जुना नकाशा सुधारला. टेकडीच्या पायथ्याशी नवी रेघ आली आणि टेकडीवर पडणारा पाऊस याच थरात मुरतो, अशी नोंद झाली. दोन वर्षांनी एक खडीवाला त्या टेकडीवर खदान मागायला आला. तेव्हा त्या नकाशाची प्रत घेऊन हिंगोलीला गेले ते गुलाबसिंग. "ही टेकडी फोडली तर आमचं पानी तुटन," असे त्यांनी तिथल्या अधिकाऱ्यांना रंगावर बोट ठेवून सांगितले. टेकडी अजून तिथेच आहे. शंकरसिंगाने विहीरही पुढे खणली. तिला आता कोणी खड्डा म्हणत नाही.

खिल्लारे साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांनी मला निलमकडे दिले. मी तिच्या जीपमध्ये मागे, पेटीच्या शेजारी असतो. अजून खुंट्या ठोकतो. वळणावर जीप कलंडली की पेटी माझ्यावर रेलते आणि मला राग येतो. पण पेटीने एखादी जागा दाखवली की निलम मला उचलून म्हणते, "चल, विचारून बघू." मग आम्ही दोघे जाऊन दगड फोडतो. अशा वेळी पेटीचा काटा आमच्याकडे बघत असावा, असे मला वाटते. तिलाही थोडा हेवा वाटू दे.

मित्रांनो, हातोडा वापरून झाला की त्याला पुसून ठेवा. त्याचा दांडा उन्हात टाकू नका, लाकूड सुकून पाचर ढिली होते. जमीन खणण्याआधी तिच्या पोटात काय आहे ते समजून घ्या, आणि जी टेकडी तुम्हाला पाणी देते तिला फोडू देऊ नका. कोणाचा हेवा वाटलाच तर वाटू द्या, तो सांगून येत नाही. मात्र घाव घालायची वेळ आली की दगडाकडे बघा, शेजाऱ्याकडे बघू नका.